शिक्षकांची उमेद आणि मुख्याध्यापकांचे टेबल: नव्याने कार्यभार घेणाऱ्यांसाठी काही सूचना

महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित शाळांमध्ये मुख्याध्यापकपद बहुधा सेवाज्येष्ठतेने मिळते. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी ही वाट आखून दिलेली आहे. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे गणित किंवा मराठी शिकवलेली व्यक्ती एका सकाळी टीचर्स रूममधील आपली खुर्ची सोडून कार्यालयातील खुर्चीत बसते. निवृत्तीचे वय ५८ असल्याने अनेकांच्या वाट्याला ही खुर्ची जेमतेम दोन-तीन वर्षे येते. कॅशबुक, वेतन देयके, यू-डायस (शाळेची माहिती भरण्याची सरकारी ऑनलाइन प्रणाली) यांची माहिती कोणीतरी करून देते. पण कालपर्यंत बरोबरीने चहा पिणाऱ्या सहकाऱ्यांची उमेद कशी टिकवायची, हे कोणी सांगत नाही. बऱ्याच जणांना ते काम ५ सप्टेंबरला गुलाबपुष्प देण्यापुरतेच वाटते.

मी आधी शिक्षक, मग पर्यवेक्षक आणि अखेरीस मुख्याध्यापक म्हणून काम केले. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की शिक्षकांची उमेद वाढते किंवा खचते ती मुख्याध्यापकांच्या टेबलावरून रोज सरकणाऱ्या कागदांवर. वेळापत्रक, बदली तासांची (गैरहजर शिक्षकाऐवजी दुसऱ्याने घ्यायच्या तासांची) वही, रजेचा अर्ज, पालकाची तक्रार, लॉगबुक (पाठनिरीक्षणाचे शेरे लिहिण्याची वही), सेवापुस्तक (नोकरीतील नोंदींचे पुस्तक) हे ते कागद. पगार वाढवणे, रिक्त पदे भरणे, वर्गखोल्या बांधणे आपल्या हातात नसते, परंतु या कागदांवर काय लिहायचे आणि ते कधी पुढे पाठवायचे, हे पूर्णपणे आपल्याच हातात असते.

खचलेली उमेद ओळखावी कशी

अमेरिकेत रिचर्ड इंगरसॉल यांनी शिक्षकांच्या गळतीवर केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. असमाधानामुळे नोकरी सोडणाऱ्या शिक्षकांनी कमी पगाराबरोबरच प्रशासनाचा पाठिंबा नसणे, विद्यार्थ्यांच्या शिस्तीचे प्रश्न आणि शाळेच्या निर्णयांत स्थान नसणे ही कारणे ठळकपणे सांगितली होती. तिथे शिक्षक निघून जातो, म्हणून गळती मोजता येते. आपल्याकडे कायम झालेला शिक्षक सहसा राजीनामा देत नाही. तो हजेरीपटावर वेळेत सही करतो, तास घेतो, आणि तरीही त्याचे मन कामातून उठलेले असते. म्हणून इथे खुणा वेगळ्या शोधाव्या लागतात.

पाठाच्या तयारीचे गेल्या वर्षीचे टाचण तारखा बदलून पुन्हा उतरलेले असते. शनिवारच्या सकाळच्या शाळेला किरकोळ रजांचे अर्ज ठरावीक नावांनीच येऊ लागतात. शिक्षक सभेत कोणी प्रश्न विचारत नाही आणि सभा संपताच टीचर्स रूममध्ये मात्र अर्धा तास बोलणे चालते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलीचे ऑनलाइन अर्ज सुरू होण्याची वाट आतुरतेने पाहिली जाते. यातील एखादी खूण दिसली म्हणजे शिक्षक कामचुकार आहे, असा निष्कर्ष लगेच काढू नये. आधी मागचे कागद वाचावेत.

पहिल्या महिन्यात कोणताही मोठा बदल करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्या महिन्यात गेल्या वर्षाची बदली तासांची वही, रजा नोंदवही आणि सभांचे इतिवृत्त ही तीन बाडे शांतपणे वाचून काढावीत. इतिवृत्तात बारा सभांपैकी अकरा सभांत ‘मा. मुख्याध्यापकांनी सूचना दिल्या’ एवढेच असेल, तर सभेत कोणी का बोलत नाही, हे वेगळे विचारावे लागणार नाही.

वेळापत्रक आणि बदली तास

बाहेरच्या माणसाला वेळापत्रक ही आकडेमोड वाटते. शाळेतल्या माणसाला ते कोण कोणाचा आहे याचा तक्ता वाटते. मधल्या सुट्टीनंतरचे सलग तीन तास कोणाला, दहावी ‘अ’ वर्षानुवर्षे कोणाकडे, सगळ्यात दंगेखोर तुकडी नव्याने आलेल्या शिक्षिकेकडेच का, कोणाचे मोकळे तास शेवटी आल्याने त्याला लवकर घरी जाता येते, हे सारे प्रश्न वेळापत्रक लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मनातल्या मनात विचारून झालेले असतात.

यावर उपाय असा, की वेळापत्रक अंतिम करण्याआधी त्याचा कच्चा तक्ता टीचर्स रूममध्ये तीन दिवस लावून ठेवावा आणि हरकती पेन्सिलीने तक्त्यावरच लिहायला सांगावे. सर्वांसमोर लिहायचे असल्याने अवाजवी मागण्या आपोआप कमी होतात आणि खरी अडचण असलेल्याला संकोचही वाटत नाही. वहीतपासणीचे ओझेही तासांइतकेच धरावे. साठ मुलांचे निबंध तपासणाऱ्या मराठीच्या शिक्षकाचे सहा तास आणि ज्या विषयात लेखी काम थोडे त्याचे सहा तास, हे कागदावर समान दिसले तरी समान नसतात. शिवाय मुख्याध्यापकांनी स्वतःकडे काही तास ठेवावेत, आणि ते शक्यतो सर्वांत मागे पडलेल्या तुकडीचे असावेत. आठवी ‘ड’मध्ये आठवड्यातून चार वेळा उभे राहणाऱ्या मुख्याध्यापकांच्या सूचना शिक्षक निराळ्या कानांनी ऐकतात.

बदली तासांच्या वहीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण मी पाहिलेल्या शाळांतील निम्मे रुसवेफुगवे या एका वहीतून निघत असत. पहिला तास सुरू होऊन पाच मिनिटे झालेली असतात, शिपाई काखेत वही मारून टीचर्स रूमच्या दारात उभा राहतो, आणि ज्यांचा तो तास मोकळा आहे अशा सर्वांचे हात नकळत कामात गुंततात. कोणी पेपरांचा गठ्ठा पुढे ओढतो, कोणी फोन कानाला लावतो. शिपायालाही ठाऊक असते की वही कोणापुढे निमूटपणे सही होऊन परत येते, आणि बहुतेक वेळा ती तिथेच जाते. मी पर्यवेक्षक असताना एका महिन्याची वही उलटी मोजली, तेव्हा एका शिक्षिकेकडे चौदा बदली तास आणि कार्यालयात नेहमी बसणाऱ्या एका सहकाऱ्याकडे तीन निघाले. दोघांचे मोकळे तास सारखेच होते. त्या बाईंनी कधीही तक्रार केली नव्हती. फक्त त्या वर्षी त्यांनी विज्ञान प्रदर्शनाची जबाबदारी घेण्यास नकार दिला होता आणि आम्ही सगळे त्यांना असहकारी म्हणत होतो.

तेव्हापासून मी वहीच्या शेवटच्या पानावर सर्वांची नावे आणि प्रत्येकापुढे उभ्या रेघा असा चालू हिशेब ठेवायला सांगितला. बदली तास देणाऱ्याने आधी ते पान उघडावे, ज्याच्या रेघा सर्वांत कमी त्याचे नाव लिहावे, आणि महिन्याअखेरीस ते पान फलकावर लावावे. यासाठी कोणतेही परिपत्रक लागत नाही. बदली तासावर वर्ग नुसता शांत बसवायचा की शिकवायचे, हेही ठरवून द्यावे. रजेवर जाणाऱ्याने दोन ओळींचे काम लिहून ठेवले, तर जाणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा दोघांचाही मान राहतो.

पालकाची तक्रार आली तर

पालक तावातावाने कार्यालयात येतात, आणि मुख्याध्यापक शिपायाकरवी शिक्षकाला वर्गातून बोलावून घेतात. शिक्षक दारात येतो तेव्हा पालक खुर्चीवर बसलेले असतात आणि त्याने उभे राहायचे असते. पुढे काय बोलणे होते याला फारसा अर्थ उरत नाही. ज्या वर्गातून त्याला उठवून आणले, त्या वर्गातील मुलांना संध्याकाळपर्यंत सगळे कळलेले असते.

हे टाळण्याचा क्रम साधा आहे. पालकांना बसवावे, पाणी द्यावे, त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून त्यांच्यासमोरच लिहून घ्यावे आणि उत्तर केव्हा देणार तो दिवस सांगावा. तास चालू असताना शिक्षकाला बोलावू नये. मोकळ्या तासात त्याला एकट्याला भेटावे, तक्रार जशी आहे तशी वाचून दाखवावी आणि त्याचे म्हणणेही तितकेच लक्षपूर्वक ऐकावे. चूक त्याची असेल तर ती दार लावून स्पष्ट शब्दांत सांगावी. पालकांसमोर मात्र ‘शाळेकडून असे झाले, पुढे होणार नाही’ अशी भाषा असावी. चूक शिक्षकाची नसेल, तर पालकांना तसे सांगण्याचे धैर्य मुख्याध्यापकांनी दाखवायला हवे, मग ते पालक संस्थेच्या एखाद्या संचालकांचे नातेवाईक का असेनात. हा एक प्रसंग शिक्षक वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

या पाठराखणीला एक मर्यादा आहे आणि तिथे संदिग्धता नको. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे, आणि मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अशा तक्रारीत ‘आपला माणूस’ म्हणून पांघरूण घालणारे मुख्याध्यापक बाकीच्या सरळ शिक्षकांचीही मान खाली घालायला लावतात.

पाठनिरीक्षण आणि लॉगबुक

बहुतेक शाळांची लॉगबुके चाळली, तर ‘पाठ समाधानकारक. फलकलेखन सुधारावे. विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा.’ हे शेरे शिक्का मारल्यासारखे पानोपानी सापडतात. अशा शेऱ्याने कोणी दुखावत नाही, पण कोणी सुधारतही नाही. वर्गात मन लावून शिकवणाऱ्याला मात्र कळून चुकते की साहेब मागच्या बाकावर बसून दुसराच विचार करत होते.

निरीक्षण म्हणजे काय पाहिले ते लिहिणे. सहावीच्या गणितात पूर्णांक संख्यांची वजाबाकी चालू आहे असे समजा. शिक्षिकेने फळ्यावर संख्यारेषा काढली आणि ‘तीन वजा पाच’ विचारले. पुढची मुले ‘वजा दोन’ म्हणाली, पण तुम्ही मागे बसला होता म्हणून तुम्हाला दिसले, की शेवटच्या दोन बाकांवरील चार मुलांनी वहीत ‘वजा एक’ लिहिले आहे. ती मुले तीनवर बोट ठेवून त्यालाच ‘एक’ म्हणत मोजायला सुरुवात करत होती. फळ्याजवळून हे दिसणे शक्यच नव्हते. तास संपल्यावर शिक्षिकेला हे सांगा, फरशीवर खडूने रेषा आखून मुलांना प्रत्यक्ष उड्या मारायला लावल्या तर काय होईल ते दोघे मिळून ठरवा, आणि लॉगबुकात तेवढेच लिहा. आठवड्याने त्याच वर्गात दहा मिनिटे डोकावून ती चार मुले कुठवर आली ते विचारा. पुढच्या वेळी तुम्हाला वर्गात यायचे आमंत्रण शिक्षिकेकडूनच येईल. माझ्या बाबतीत तसे घडले आहे, सर्वांकडून नव्हे, पण तिघा-चौघांकडून नक्की.

वर्षअखेरच्या गोपनीय अहवालात शिक्षकाला प्रथमच कळेल असा एकही प्रतिकूल शेरा नसावा. प्रतिकूल नोंद लेखी कळवावी लागतेच. आणि सरकारी सेवकांच्या बाबतीत प्रत्येक नोंद, मग ती चांगली असली तरी, कळवली पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये म्हटले आहे. जे मार्चमध्ये लिहायचे ते ऑगस्टमध्ये तोंडी सांगितलेले असावे.

वरून येणारी माहितीची मागणी

‘आज दुपारी तीनपर्यंत लिंक भरावी, अन्यथा आपणास जबाबदार धरण्यात येईल.’ हा संदेश केंद्रप्रमुखांकडून (परिसरातील शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडून) मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि एका बोटाच्या स्पर्शाने शिक्षकांच्या गटावर जातो, धमकीसकट. दिवसातून असे चार संदेश गेले, की शिक्षकाच्या डोक्यात वर्ग उरतच नाही. निरंक, म्हणजे ‘कळवण्यासारखे काही नाही’ असा, अहवालसुद्धा प्रत्येक वर्गशिक्षकाकडून वेगळा मागवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत.

मुख्याध्यापकांनी इथे चाळणीचे काम करावे. पटसंख्या, आधार नोंदणी, प्रवर्गनिहाय संख्या, बँक खाती, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे ही माहिती पुन्हा पुन्हा निरनिराळ्या तक्त्यांत मागितली जाते. ती एका ठिकाणी अद्ययावत ठेवली, तर दहापैकी सात मागण्या लिपिकाच्या मदतीने शिक्षकांना हात न लावता पूर्ण होतात. उरलेल्या संदेशांतून नेमके कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचे एवढेच आपल्या शब्दांत लिहून पुढे पाठवावे. रात्री आठनंतर काहीही पाठवू नये.

शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. या कलमाच्या बाहेरचे काम आले, तर ते लेखी स्वरूपात मागावे आणि कलमाचा उल्लेख करून नम्र उत्तर द्यावे. दरवेळी यश येत नाही. पण आपल्यासाठी साहेबांनी पत्र लिहिले, हे स्टाफला कळते. निवडणुकीचे काम अटळ असेल तेव्हा ते कोणाकडे जाते यातही पाळी असावी, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्कामाला जाणाऱ्या शिक्षकाला परतल्यानंतर पहिल्याच तासाला बदली तास देऊ नये.

सेवेचे कागद

कोणत्याही प्रशिक्षणात मनोबलाच्या नावाखाली हा विषय शिकवला जात नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर त्याहून वरची निवडश्रेणी मिळू शकते. दोन्हींसाठी प्रशिक्षण आणि परिपूर्ण प्रस्ताव लागतो. सेवापुस्तकात एखादी वेतनवाढ नोंदवायची राहिली, रजेच्या हिशेबावर सही राहिली, तर प्रस्ताव त्रुटीत परत येतो आणि शिक्षकाला दर महिन्याला नुकसान सोसावे लागते. घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाला अशा वेळी उमेदीविषयी व्याख्यान ऐकवणे क्रूरपणाचे आहे.

शिक्षणसेवकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. तीन वर्षे मानधनावर काढायची असतात. जानेवारी २०२३ पासून ते मानधन प्राथमिकसाठी १६,००० आणि माध्यमिकसाठी १८,००० रुपये झाले. त्याआधी ते अनुक्रमे ६,००० आणि ८,००० होते. ज्या दिवशी तीन वर्षे पूर्ण होतात, त्याच्या दोन महिने आधी नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव तयार असायला हवा.

यासाठी एक साधी वही करावी. प्रत्येक कर्मचाऱ्याचे एक पान: नियुक्तीचा दिनांक, बारा आणि चोवीस वर्षे पूर्ण होण्याचे दिनांक, प्रलंबित वैद्यकीय देयक, भविष्य निर्वाह निधीच्या अग्रिमाचा अर्ज, निवृत्तीचा दिनांक. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर लिपिकाला घेऊन ती वही उघडावी. वर्षातून एकदा प्रत्येकाला त्याचे सेवापुस्तक दाखवून सही घ्यावी. प्रस्ताव संबंधित कार्यालयाकडे गेला की जावक क्रमांक शिक्षकाला न मागता कळवावा. हे सांभाळणाऱ्या मुख्याध्यापकांना शिक्षक पुष्कळ माफ करतात, अगदी तापट स्वभावसुद्धा.

रजा, सभा आणि शाबासकी

किरकोळ रजेचा अर्ज आला की कारणांची उलटतपासणी घेऊ नये. महिला शिक्षकांच्या बालसंगोपन रजेची तरतूद राज्यात २०१८ पासून १८० दिवसांची आहे; ती रजा उपकार केल्याच्या सुरात मंजूर करण्याची सवय सोडावी. शाळा अडचणीत येत असेल तर नियम आणि पाळी दोन्ही समोर ठेवून तारखा ठरवाव्यात.

सभा चाळीस मिनिटांत संपवावी आणि तिच्यात निदान एक निर्णय खरोखर शिक्षकांवर सोडावा. सहलीचे ठिकाण असो वा घटक चाचणीचे दिवस, सर्वांनी ठरवल्यावर तो आपल्या मनाप्रमाणे फिरवू नये.

शाबासकी थोडी आणि नेमकी असावी. ‘सर्व शिक्षक छान काम करत आहेत’ या वाक्याने कोणाच्याही मनाला काही पोहोचत नाही. ‘गेल्या मंगळवारी ती मुलगी तीन आठवड्यांनी शाळेत आली, ती तुम्ही तिच्या घरी गेला होता म्हणून’ हे जिन्यात थांबून सांगितले तरी पुरते. दहावीच्या निकालाचा सत्कार करताना त्या मुलांना पाचवीत वाचायला शिकवणाऱ्यांना विसरू नये.

लहान शाळेत

शिक्षणहक्क अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतात. वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळेत ज्येष्ठ शिक्षकच प्रभारी असतो, दोन-तीन वर्ग स्वतः घेतो आणि पोषण आहाराचा तांदूळही मोजतो. तिथे वेळापत्रकाचे राजकारण नसते. तिथे भांडण होते ते वर्गाबाहेरच्या कामावरून: आहाराची रोजची नोंद कोणी करायची, शिक्षण परिषदेला कोणी जायचे, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त कोणी लिहायचे. जूनमध्येच ही कामे कागदावर वाटून घ्यावीत आणि सहामाहीनंतर अदलाबदल करावी. प्रभार आपल्याकडे आहे म्हणून सहकाऱ्याला ‘माझा शिक्षक’ म्हणू नये. तो सहशिक्षकच आहे.

कार्यभार देताना

निवृत्तीच्या दिवशी साठा नोंदवही, किल्ल्या आणि कॅशबुकातील शिल्लक यांची यादी करून दोघांच्या सह्या होतात. त्या यादीला एक पान जोडावे. त्यात प्रत्येक प्रलंबित प्रस्तावाचा जावक क्रमांक आणि दिनांक, येत्या वर्षभरात कोणाची बारा किंवा चोवीस वर्षे पूर्ण होणार ती नावे, गेली दोन वर्षे अवघड तुकडी सांभाळल्याने यंदा मोकळीक द्यायची ठरलेल्या शिक्षकाचे नाव, आणि बदली तासांच्या वहीतले शेवटचे पान ही नोंद असावी. नव्या मुख्याध्यापकांबरोबर ते पान वाचताना लिपिकाला शेजारी बसवावे, आणि ज्यांची नावे त्यात आहेत त्यांना आपण ते लिहून दिले असल्याचे सांगून मगच निरोप समारंभाला जावे.